एफएमआरआयमध्ये सिग्नल मेंदूचा दिसतोय की भुलीचा?

सीड_मॅप: रॅटवर काम करतेय, पुढच्या पंजाला इलेक्ट्रिकल स्टिम्युलेशन आणि बोल्ड (एफएमआरआय, म्हणजे मेंदूचं काम दाखवणाऱ्या स्कॅनचा नेहमीचा सिग्नल). भूल आयसोफ्लुरेनची, स्कॅनभर 2 टक्के. रिस्पॉन्स जवळपास नाहीच. रेस्टिंग स्टेटला (स्टिम्युलेशन नसताना) तर अख्खं कॉर्टेक्स, मेंदूचा बाहेरचा थर, एकदम वरखाली, सीड (ज्या जागेशी बाकी मेंदूचा सिग्नल ताडून बघतो ती) कुठेही ठेवा नकाशा तोच येतो. गाईड म्हणतात करंट वाढव. सिग्नल पकडणारी कॉइल तपासून झाली, ठीक आहे. भुलीमुळे इतका फरक पडतो?

हळूहळू_शुद्धीवर: अगं 2 टक्के हा सर्जरीचा डोस झाला, करंट वाढवून काय होणार! एवढ्या डोसला रॅटमध्ये बर्स्ट सप्रेशन येतं, मेंदू बराच वेळ गप्प आणि मग सगळीकडे एकदम उसळी, तुझा तो एकच नकाशा बहुतेक हाच. शिवाय आयसोफ्लुरेनने रक्तवाहिन्या रुंदावतात आणि बोल्ड काही थेट न्यूरॉन बघत नाही, रक्तातल्या ऑक्सिजनवरून अंदाज लावतो. नळ आधीच पूर्ण सोडलेला, अजून किती फिरवणार?

बेंच_ते_मॅग्नेट: मेडेटोमिडिन या गुंगीच्या औषधावर ये. 0.05 मिग्रॅ प्रति किलो बोलस (एकदम दिलेला डोस), मग ताशी 0.1 मिग्रॅ प्रति किलो सतत इन्फ्युजन, सोबत आयसोफ्लुरेन 0.4 टक्के. 2023 मध्ये बऱ्याच लॅबनी मिळून रॅटसाठी जो कॉमन प्रोटोकॉल काढला तो साधारण हाच. पण हेही फुकट नाही, हार्ट रेट खूप उतरतो आणि वाहिन्या उलट आकसतात, त्यामुळे जुन्या आयसोफ्लुरेनच्या डेटाशी थेट तुलना करू नकोस. शेवटी अटिपामेझोल हा त्याचा उतारा दिला की उंदीर उठतो, पुन्हा स्कॅन करता येतो. अल्फा-क्लोरॅलोज ही भूल वापरायचे जुने लोक, रिस्पॉन्स झकास, पण प्राणी सहसा परत उठवत नाहीत. आणि एथिक्स कमिटीकडे आधी अमेंडमेंट टाक.

कार्बन_डाय: सगळे औषधावरच बोलताय. व्हेंटिलेटर आहे का? नसेल तर खोल भुलीत श्वास मंदावतो, सीओटू साठतो आणि नुसत्या त्यानेच मेंदूचा रक्तप्रवाह वाढतो. बोल्डची पद्धत मांडणाऱ्या ओगावांनी 1990 मध्ये बेल लॅब्जमध्ये भूल दिलेल्या रॅटवरच दाखवलं होतं की श्वासातला गॅस बदलला की इमेजमधला कॉन्ट्रास्ट बदलतो. तापमान 37 च्या आसपास ठेव.

सीड_मॅप: व्हेंटिलेटर नाही, आपोआप श्वासावरच. मग जागेपणीच स्कॅन का करू नये?

बेंच_ते_मॅग्नेट: कर की, पण कित्येक दिवस डोकं फिक्स करून आवाजाची सवय लावावी लागते, नाहीतर भुलीऐवजी स्ट्रेस मोजशील. आधी स्कॅनरबाहेर त्याच डोसला ईईजी (मेंदूतले विद्युत तरंग मोजणारी चाचणी) लाव, बर्स्ट दिसले तर गाईडना तोच ट्रेस दाखव.