सिव्हिलायझेशन ६ : पहिलं शहर जागेवरच वसवू की दोन टर्न चालून टेकडीवर? मदत हवी आहे

हा टर्नवर चालणारा स्ट्रॅटेजी गेम गॅदरिंग स्टॉर्म या एक्सपान्शनसह खेळतोय. एम्परर (अवघड) लेव्हल, पॅन्जिया (एकच मोठा खंड) नकाशा, स्टँडर्ड स्पीड. मॉड नाहीत.

सेटलर (शहर वसवणारं युनिट) उभा आहे ती नदीकाठची सपाट गवताळ टाइल (नकाशातला चौकोनासारखा एक घर). गोडं पाणी असल्यामुळे हाउसिंग (शहरात किती लोकसंख्या मावते ती मर्यादा) राजधानीत सुरुवातीलाच ६, पण आजूबाजूला जंगल फारसं नाही, त्यामुळे प्रॉडक्शन (युनिट आणि इमारती बनवण्याचा वेग) अगदी रडत-खडत चालतं. दोन टर्नवर प्लेन्स हिल (मैदानी टेकडी) आहे. तिथे सिटी सेंटरलाच २ अन्न आणि २ प्रॉडक्शन मिळतं, शेजारी दगड आणि दोन जंगलं. अडचण एकच: गोडं पाणी नाही, फक्त समुद्रकिनारा, म्हणजे हाउसिंग ४. डोंगर लागून आहे, तेव्हा पुढे अ‍ॅक्वेडक्ट (पाणी आणून हाउसिंग वाढवणारा कालवा) होईल, पण तो इंजिनिअरिंगचं तंत्रज्ञान मिळाल्यानंतर.

एकच सेव्ह लोड करून दोन्ही जागा खेळून पाहिल्या. टेकडीवर स्काउट आणि पहिला सेटलर लवकर निघतो, मात्र लोकसंख्या ३ झाली की वाढ मंदावते. नदीकाठी नेमकं उलटं. नकाशा रीस्टार्ट करा असं कृपया सुचवू नका, हाच खेळायचा आहे. टेकडी आणि नदी दोन्ही असलेली टाइल जवळपास दिसत नाही, वॉरिअर फिरवून झालाय.

या लेव्हलला एआयकडे (कॉम्प्युटरच्या प्रतिस्पर्ध्यांकडे) सुरुवातीपासून एक सेटलर जास्त असतो, म्हणून उशीर जास्त टोचतो.

राजधानीसाठी दोन टर्न आणि २ हाउसिंग सोडून ते एक जादा प्रॉडक्शन घेणं परवडतं का? आणि घेतलंच, तर ग्रॅनरी (अन्न आणि हाउसिंग वाढवणारं कोठार) दुसऱ्या सेटलरच्या आधी बांधावी की नंतर?