मदत हवी आहे: इन्सुलिनचं मराठी माहितीपत्रक, तेही काळ्या-पांढऱ्या झेरॉक्सवर

मी उपकेंद्रात नर्स आहे. घरी स्वतः इन्सुलिन टोचून घेणाऱ्या पेशंटसाठी एक पानी चित्रमय पत्रक करतेय. बहुतेकजण साठीपुढचे, वाचता न येणारे. व्हिडिओ दाखवून पाहिले, पण घरी गेल्यावर मोबाइल नातवाकडे. बाटलीसोबतच्या कागदावरची अक्षरं तर मलाही दिसत नाहीत.

बाटली मडक्यात कशी ठेवायची, बर्फाला का लावायची नाही, रोज टोचायची जागा का बदलायची, हे चित्रांत जमलं. अडलंय सिरिंजपाशी. ४० ची बाटली (म्हणजे एका मिलीत ४० युनिटं इन्सुलिन) असेल तर लाल टोपणाची सिरिंज, १०० ची असेल तर केशरी; सिरिंजवरच्या रेघा त्या-त्या बाटलीच्याच मापाच्या असतात. गेल्या महिन्यात एका आजींच्या नातवाने तालुक्याहून केशरी आणली, बाटली ४० ची. त्या नेहमीसारख्या २० च्या रेघेपर्यंत भरत राहिल्या, पोटात जात होती ८ युनिटं. साखर चढलेलीच. उलटं झालं असतं, म्हणजे १०० ची बाटली आणि लाल सिरिंज, तर २० च्या जागी ५० गेली असती! नुसत्या विचारानेच अंगावर काटा येतो.

पण झेरॉक्समध्ये लाल आणि केशरी दोन्ही राखाडीच येतात. रंगीत छपाईला पैसे नाहीत. टोपणं स्केचपेनने रंगवून पाहिली, घामाच्या हाताने आठवड्यात पुसट झाली. बाटलीवर आणि सिरिंजच्या पाकिटावर सारखी खूण करायचा विचार आहे, पण नवीन पाकीट आलं की ती खूण करणार कोण?

निरक्षर पेशंटला रंगाशिवाय ही जोडी ओळखता येईल अशी एखादी युक्ती कुणी प्रत्यक्ष वापरली आहे का?