पाचवा महिना, हिरड्यांतून रक्त येतंय. दात दाखवू का?

देवगडची सून
पंधरा दिवस झाले, ब्रश केला की मोरीत लाल थुंकी पडते. काल पेरू खाल्ला तर फोडीवर रक्त. वरच्या दोन दातांमध्ये हिरडी मण्याएवढी फुगलीय. सासूबाई म्हणतात, पोटुशीने दातांना हात लावायचा नाही, मिश्री लाव. बाळ दातातलं कॅल्शियम ओढतं म्हणे. खरं का? कणकवलीला जाऊ की बाळंतपणापर्यंत थांबू?

दापोलीकरीण
थांबू नकोस गं. धाकटीच्या वेळी मी थांबले, रक्ताला घाबरून ब्रशही सोडला आणि सातव्यात तोंड उघडवेना. प्रोजेस्टेरॉन आणि इस्ट्रोजेन ही हार्मोन्स वाढली की हिरड्यांना रक्तपुरवठा वाढतो. मग एरवी खपून जाणाऱ्या थोड्याशा किटणावरही हिरडी सुजते. म्हणजे कीटण काढलं की सूज उतरते. मऊ ब्रशने दोन वेळा घासच. चौथा ते सहावा महिना खुर्चीत पडायला सोयीचा असतो, पण दात ठणकत असेल तर कुठल्याही महिन्यात जायचं. ती गाठ बहुधा बाळंतपणानंतर ओसरते, तरी दाखवून घे. कॅल्शियमचं खरं नाही, बाळ दातातून काही घेत नाही.
आणि मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखू! बाळाचं वजन कमी भरतं त्याने. नकोच.

वेंगुर्ल्याची मावशी
बाय गो, उलट्या होतात काय? उलटी झाली की लगेच ब्रश करू नको, आम्लाने दात मऊ झालेले असतात. कपभर पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून चूळ भर, अर्ध्या तासाने घास. मळमळीला आमसूल चघळत बसत असशील तर त्यावरही पाण्याची चूळ. डॉक्टरला आधी कितवा महिना ते सांग. दुखलं तर घरातली आयब्रुफेन घेऊ नको, पाचव्यानंतर ती टाळतात.
माझी पाळी गेल्यापासून तोंड कोरडं पडतं, जीभ जळजळते. तेही हार्मोन्सचंच. हाडं ठिसूळ होण्यावरच्या गोळ्या चालू असतील तर दात काढण्याआधी दंतवैद्याला सांगायच्या, हे मला उशिरा कळलं.

देवगडची सून
सोमवारी सकाळच्या एसटीने कणकवलीला जातेय. मावशी, तुमचं सासूबाईंना वाचून दाखवलं. त्यांचे खालचे दोन दात हलतात आणि हाडांची गोळीही चालू आहे, हे आजच समजलं. त्याही येतायत, गोळ्यांचं पाकीट पिशवीत ठेवलंय.