मदत हवी आहे: बर्नी सँडर्स यांची बंदूक कायद्यांवरची मतं कशी वाचायची?

नमस्कार मंडळी. सँडर्स (अमेरिकेच्या व्हरमाँट राज्याचे सिनेटर) यांनी तिथल्या संसदेत बंदूक कायद्यांवर केलेलं मतदान लावून बघतेय आणि अडकलेय. १९९३ मध्ये ब्रेडी विधेयकाला विरोध. त्यात पिस्तूल घेण्याआधी ५ दिवस थांबण्याची अट होती. २००५ मध्ये बंदूक कंपन्यांना खटल्यांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याला होकार. मात्र १९९४ मध्ये असॉल्ट रायफलींवर बंदी आणणाऱ्या विधेयकाला पाठिंबा, आणि सँडी हूक शाळेतल्या गोळीबारानंतर २०१३ मध्ये खरेदीदारांच्या तपासणीलाही (५४ मतं मिळूनही ती दुरुस्ती पडली, ६० लागत होती!). व्हरमाँट ग्रामीण, शिकारीची परंपरा असलेलं राज्य आहे, पण तेवढं कारण मला पुरेसं वाटत नाही. दुरुस्त्यांवरची आणि अंतिम मतं वेगळी कुठे बघायला मिळतील? तिकडे कुणी राहत असेल, तर तिथले मतदार याबद्दल काय म्हणतात तेही नक्की सांगा.