मदत हवी आहे: इंग्लंड-पोर्तुगालचं कोष्टक माझ्याकडून उलटंच सुटतंय

भाजणीवाली:
नमस्कार मंडळी. एकेचाळिसाव्या वर्षी घरी बसून अर्थशास्त्रात बी.ए. करतेय, त्यामुळे वर्गात हात वर करून विचारायची सोय नाही. दोन दिवस एकाच उदाहरणावर अडकलेय. तुलनात्मक लाभाचं, म्हणजे कोणत्या देशाने काय बनवून अदलाबदल करावी याचं. अर्थतज्ज्ञ रिकार्डोने १८१७ साली मांडलेलं, सगळ्या पुस्तकांत असतं तेच:

इंग्लंड: कापड १००, वाइन १२०
पोर्तुगाल: कापड ९०, वाइन ८०

मी सरळ मोठे आकडे बघितले. इंग्लंड दोन्हींत पुढे, वाइनमध्ये तर फारच. मग इंग्लंडने वाइन करावी, पोर्तुगालने कापड. उत्तर नेमकं उलटं छापलंय! वर म्हणे पोर्तुगाल दोन्हींत सरस. कुठून सरस? आणि असलाच सरस, तर तो इंग्लंडकडून कापड घेईल कशाला?

दुसरं, उत्पादन शक्यता वक्र, म्हणजे आहे त्या साधनांत दोन वस्तू जास्तीत जास्त किती-किती निघतील ते दाखवणारी रेघ, बाहेर फुगलेला का काढतात? पुस्तक "वाढत्या संधी खर्चामुळे" एवढं म्हणून मोकळं झालंय.

आकड्यांची भीती नाही मला. जावेबरोबर फराळाच्या ऑर्डरी घेते, किलोकिलोचा हिशोब माझ्याकडेच असतो. पण हे काही डोक्यात शिरत नाही.

जुना_कारकून:
ताई, ते आकडे मालाचे नाहीत, माणसांचे आहेत. तेवढंच कापड वर्षभरात विणायला इंग्लंडात १०० माणसं लागतात, पोर्तुगालात ९०. शाळेतलं काळ-काम-वेग आठवा, कमी माणसांत काम उरकणारा तो सरस. निम्मी मुलं इथेच घसरतात. गणित हातात आलं की आधी बघायचं, कोष्टक "एका नगाला किती श्रम" सांगतंय की "एवढ्या श्रमात किती नग".

आता दोन देशांची तुलना बाजूला ठेवा आणि एकेक ओळ आडवी वाचा. इंग्लंडने एक नग कापड केलं की त्या १०० माणसांकडून होणारी १००/१२०, म्हणजे ५/६ नग वाइन बुडाली. पोर्तुगालची ९०/८०, म्हणजे ९/८ नग बुडते. या बुडालेल्या वाइनलाच कापडाचा संधी खर्च म्हणायचं. इंग्लंडचं कापड स्वस्त पडतं ते या अर्थाने.

नगास नग अदलाबदल झाली तर इंग्लंडला १२० माणसांची वाइन १०० माणसांच्या कापडावर मिळते, २० माणसं वाचली. पोर्तुगालला ९० माणसांचं कापड ८० माणसांच्या वाइनवर, तिथे १० वाचली. म्हणून सरस असूनही तो कापड घेतो.

वक्राचं तुमच्या फराळावरच दाखवतो. दोघींचे तास सांगा.

भाजणीवाली:
अरे देवा, माणसं! त्या पानावर हे कुठेच लिहिलेलं नाही हो.

तास असे: मला किलोभर चकलीला १, करंजीला २. जावेला दोन्हींना ३-३. नवी आहे ती अजून. सोऱ्या दाबताना तिचा वेढा मध्येच तुटतो, मग सगळं पुन्हा मळून घ्यायचं. करंजीला मुरड मात्र छान घालते, सावकाश का होईना. परवा म्हणाली, "ताई, तुमच्या तीन किलो चकल्या होतात तेव्हा माझी एक होते. मी फक्त डबे भरू का?"

जुना_कारकून:
डबे भरायला मुळीच बसवू नका तिला!

तुमच्या एक किलो करंजीपायी २ किलो चकली बुडते. तिच्या एक किलोपायी १ किलोच. करंजी तिची.

दोघींनी बारा-बारा तास घातले, निम्मे चकलीला, निम्मे करंजीला, तर तुमच्या ६ किलो चकल्या नि ३ किलो करंज्या, तिच्या २ नि २. एकूण ८ आणि ५. आता ती बाराही तास करंजी करेल, ४ किलो. पाचवा किलो तुम्ही २ तासांत करा, उरलेल्या १० तासांत १० किलो चकली. करंजी तेवढीच, चकली २ किलो जास्त.

आणि तुमचा वक्र? नुसत्या चकल्या केल्या तर १६ किलो. पहिल्या ४ किलो करंज्या जाऊबाई करतील, दर किलोला १ किलो चकली सुटेल. पाचव्यापासून तुम्हाला हात लावावा लागेल, तिथून दर किलोला २ सुटतील. कागदावर काढून बघा, रेघ मध्ये मोडून बाहेरच्या अंगाला कोपरा येतो. दोघींच्या जागी हजारो वेगवेगळे हात आणि जमिनी घ्या, असे बारीक बारीक कोपरे जुळून फुगीर वक्र होतो.

उंटावरचा_शहाणा:
गणित बरोबर, पण वाढीव २ किलो कोणाचे? किलोभर करंजीला १ ते २ किलो चकली या दरम्यान कुठलाही भाव दोघींना परवडतो. दीडला ठरला तर एकेक किलो दोघींकडे. दोनला ठरला तर सगळं जावेकडे, एकला ठरला तर सगळं ताईंकडे. भाव कोण ठरवतं ते या सिद्धांतात नाही.

शिवाय १७०३ च्या मेथुएन कराराने पोर्तुगालची दारं इंग्लंडच्या लोकरी कापडाला उघडली होती. बदल्यात पोर्तुगीज वाइनवर इंग्लंडात फ्रेंच वाइनपेक्षा एक तृतीयांश कमी जकात. त्या व्यापारात करारमदार आधीपासून होते, ही काही नुसती श्रमांची गणितं नव्हेत. आणि भांडवल देशाबाहेर सहजी जात नाही हे रिकार्डोनेच धरलेलं. ते जात असतं तर दोन्ही वस्तू पोर्तुगालातच करणं सोयीचं, हेही त्यानेच लिहिलंय. परीक्षेत "गृहीतके" विचारलं तर हे आधी लिहा.

माझं मत विचाराल तर जावेला थोडी चकलीही शिकू द्या. नाहीतर ती कायम ३ तासांचीच राहील.

भाजणीवाली:
दोघांचेही आभार. कोपरा काढून बघितला, खरंच बाहेर येतो! जावेलाही कागद दाखवला. दीडचा भाव तिला मान्य आहे. फक्त तिने विचारलं, "कढई एकच आहे, तळणार कोण आधी?"

जुना_कारकून:
हे राहिलंच की! कढईचे तास वेगळे मोजून पाठवा. उत्तर बदलू शकतं.