केळीच्या सर्व्हेचा तक्ता आरमधे टाकला तर सगळे बार एकाच उंचीचे येतायत, काय चुकतंय?

रावेरचा_मळा
राम राम मंडळी. एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी मी रावेर आणि यावल तालुक्यातल्या केळीच्या बागा फिरलो आणि प्रत्येक बागेच्या तीन गोष्टी वहीत लिहून आणल्या. लागवड कशाची (टिश्यूची रोपं का कंद), बाग कोणत्या हंगामाची (पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेली मृगबाग का त्यानंतर लावलेली कांदेबाग) आणि हरण्या रोग किती (नाही, कमी, मध्यम, जास्त). मग एक्सेलमधे सगळं मोजून 16 ओळींचा तक्ता केला, शेवटच्या कॉलमात बागांची संख्या. आता हा तक्ता आरमधे (आकडेवारीचं सॉफ्टवेअर) घेऊन त्यातल्या जीजीप्लॉट या चित्रांच्या पॅकेजचा जिओम-बार लावला, एक्स वर लागवड आणि रंगाला हरण्या, तर दोन्ही बार बरोब्बर 8 उंचीचे आले आणि आतले तुकडेही सगळे सारखेच, प्रत्येकी 2. माझ्याकडे टिश्यूच्या बागा कंदाच्या जवळपास दुप्पट आहेत, मग हे 8 कुठून आलं? वरून क्रम पण कमी, जास्त, नाही, मध्यम असा उलटासुलटा. गाईड म्हणतात पाय चार्ट टाक नं मोकळा हो, पण उन्हात गावोगाव फिरून गोळा केलेला डेटा आहे, तो नीट दिसला पाहिजे असं मनापासून वाटतं. कोणी सांगाल का?

धुळ्याची_ताई
काई टेन्शन लेऊ नको भाऊ, डेटा ठीक आहे तुझा. जिओम-बार स्वतः ओळी मोजतो. त्याला वाटतं एक ओळ म्हणजे एक बाग, पण तुझ्याकडे एक ओळ म्हणजे बागांचा एक गट आहे आणि खरा आकडा संख्येच्या कॉलमात बसलाय, तिकडे तो बघतच नाही. टिश्यूच्या ओळी 8, कंदाच्या ओळी 8, म्हणून दोन्ही बार 8. जिओम-बारच्या जागी जिओम-कॉल घे आणि वाय ला संख्या दे, झालं. किंवा जिओम-बारच ठेवायचा असेल तर वेट म्हणून संख्या दे, तेच येईल.

क्रमाचं असं की आर वर्णमालेने लावतो, क नंतर ज, मग न, मग म. हरण्याचा कॉलम फॅक्टर (ठरावीक गटांचा कॉलम) करताना लेव्हल्समधे (गटांच्या यादीत) नाही, कमी, मध्यम, जास्त असं स्वतः लिहून दे. आणि हे चित्र काढायच्या आधी कर, कारण क्रम बिघडला की रंग पण बिघडतात, आणि फिकट ते गडद अशी चढती छटा दिली तरच बघणाऱ्याला रोग वाढत गेलेला कळतो.

पाय चार्टबद्दल, 1984 साली क्लीव्हलँड आणि मॅकगिल यांनी प्रयोग करून दाखवलं होतं की एकाच रेषेवर उभ्या असलेल्या लांबी माणूस जितक्या अचूक ताडतो तितके कोन नाही ताडत. तुला तर दोन पाय शेजारीशेजारी ठेवून तुलना करावी लागेल, ते अजून अवघड. गाईडला हेच शांतपणे सांग, ऐकतील.

तापीकाठ
ताईंनी बारचं सांगितलं, मी मोझेक प्लॉटचं सांगतो कारण तुझ्या तक्त्याला तोच शोभतो. बारमधे पोझिशनला फिल दिलं की सगळे बार 100 टक्क्यांचे होतात, टक्के छान दिसतात पण 80 बागा कुठे आणि 40 कुठे हे गायब होतं. मोझेकमधे पट्ट्याची रुंदी म्हणजे बागांची संख्या, आतली उंची म्हणजे टक्केवारी, आणि चौकोनाचं क्षेत्रफळ म्हणजे त्या खान्यातला आकडा. ही रीत हार्टिगन आणि क्लायनर यांनी 1981 मधे मांडली.

आरच्या एक्सटॅब्स फंक्शनने तक्ता बनव, संख्या डावीकडे, मग लागवड अधिक हरण्या. लागवड पहिली लिही, कारण मोझेकप्लॉट पहिल्या व्हेरिएबलचे उभे पट्टे पाडतो आणि दुसऱ्याने ते आडवे कापतो. उलटं लिहिलंस तर प्रश्नच बदलतो, कंदाच्या बागांपैकी किती टक्क्यांत हरण्या हे विचारायच्या जागी हरण्या असलेल्या बागांपैकी किती टक्के कंदाच्या असं होतं, आणि शेतकऱ्याला कामाचा पहिला प्रश्न आहे.

आता शेडचं नीट वाच. मोझेकप्लॉटमधे शेड ट्रू केलं की निळं म्हणजे संबंध नसता तर आला असता त्या आकड्यापेक्षा जास्त, लाल म्हणजे कमी, पण रंग चढायच्या पायऱ्या रेसिड्युअलच्या (हा फरक मोजणाऱ्या आकड्याच्या) 2 आणि 4 वर आहेत. समजुतीसाठी आकडे धरू, टिश्यूच्या 80 बागांपैकी 20 मधे हरण्या, कंदाच्या 40 पैकी 20 मधे. म्हणजे 25 टक्के आणि 50 टक्के, डोळ्याला सरळ दिसतंय. एकूण 120 पैकी 40 मधे रोग, म्हणून संबंध नसता तर कंदात 13.33 यायला हवे होते, आले 20. पिअर्सन रेसिड्युअल म्हणजे 6.67 भागिले 13.33 चं वर्गमूळ, 1.83 येतं. 2 च्या खाली आहे म्हणून एकही चौकोन रंगणार नाही! पण चारही खान्यांचा मिळून काय-स्क्वेअर (रेसिड्युअलच्या वर्गांची बेरीज) 7.5 होतो, आर दोन बाय दोनच्या तक्त्याला आपोआप येट्सची दुरुस्ती (आकडा थोडा कमी करणारी) लावतो तरी 6.4 उरतो, आणि नुसता योगायोग नाही असं म्हणायची 5 टक्क्यांची मर्यादा 3.84. म्हणजे संबंध आहे पण चित्र कोरं. म्हणून रंग आला नाही तर काहीच नाही असं लिहू नको, आडवी रेष दोन पट्ट्यांत किती वरखाली झाली ते बघ, शेजारी टेस्ट पण दे. लहान खान्यांत अपेक्षित आकडा 5 च्या खाली गेला की आर वॉर्निंग देतो, ती सोडून देऊ नको, तिथे फिशर टेस्ट (लहान आकड्यांनाही चालणारी) कर.

रावेरचा_मळा
तापीकाठ दादा, ताई, खूप आभार. जिओम-कॉलने बार आले, क्रम पण बसला. मोझेक पण काढला, दोन पट्ट्यांची रेष जाम वरखाली आहे. मग आता मृगबाग कांदेबाग सोडून दिलं तर चालेल ना? तीन व्हेरिएबलचा मोझेक काढला तर नावं एकमेकांवर चढतायत, काही वाचता येत नाही.

धुळ्याची_ताई
नाही नाही, ते सोडू नको, तिथेच सगळी गोम असू शकते. आरमधेच यूसीबी-ॲडमिशन्स नावाचा डेटा असतो, अमेरिकेतल्या बर्कले विद्यापीठाच्या 1973 च्या प्रवेशांचा, सहा मोठ्या विभागांचे 4526 अर्ज. एकत्र बघितलं तर 2691 पुरुषांपैकी 1198 ना प्रवेश मिळाला, म्हणजे 44.5 टक्के, आणि 1835 बायकांपैकी 557 ना, 30.4 टक्के. सरळ अन्याय वाटतो. पण विभागवार उघडलं की ए विभागात पुरुष 62 टक्के आणि बायका 82 टक्के! बायकांचे अर्ज जिथे सगळ्यांनाच कमी प्रवेश मिळतो अशा विभागांत जास्त होते, म्हणून बेरजेत चित्र फिरलं.

तुझ्याकडे समजा कंदाच्या बागा जास्त करून मृगबागेच्या निघाल्या आणि रोगही त्या हंगामातच जास्त आला, तर तू कंदाला दोष देशील आणि खरा फरक हंगामाचा असेल. हरण्या माव्यामुळे पसरतो, कंदातूनही येतो, दोन्ही शक्यता खऱ्या आहेत, म्हणून वेगळं करून बघणं भाग आहे. तिघांचा एकच मोझेक नको काढू, मृगबागेचा एक आणि कांदेबागेचा एक असे दोन शेजारी ठेव, जीजीप्लॉटच्या फॅसेट-रॅपने बार पण तसेच होतील. आणि नावं चढतायत तर कमी मध्यम जास्त एकत्र करून नुसतं दिसला / नाही ठेवून एकदा बघ.

रावेरचा_मळा
आत्ताच काढले ताई. कांदेबागेत दोन्ही पट्ट्यांची रेष जवळपास सरळ आहे, मृगबागेत मात्र पायरी दिसतेय. पण मृगबागेत टिश्यूचा पट्टा एवढा बारीक का हे वहीत परत बघावं लागेल, कदाचित यावलकडच्या बागा माझ्याकडून कमी झाल्यात. अजून एक, चित्रात मराठी नावांच्या जागी चौकोन येतायत, काना मात्रा सुटे पडतायत.

तापीकाठ
ते फॉन्ट आणि डिव्हाइसचं (आर ज्यातून चित्राची फाइल काढतो त्याचं) आहे. विंडोजवर असशील तर आर 4.2 किंवा पुढचं व्हर्जन टाक, त्याआधीच्यात युनिकोडचा त्रास होता. मग रॅग नावाचं पॅकेज घे, त्याच्या पीएनजीत जोडाक्षरं नीट बसतात, फॅमिलीला तुझ्याकडचा देवनागरी फॉन्ट लिही. साध्या पीडीएफ डिव्हाइसने देवनागरी येत नाही, त्यात वेळ घालवू नको. आणि यावलच्या बागा कमी पडल्या असतील तर रिपोर्टमधे प्रत्येक पट्ट्याखाली बागांची संख्या लिहून टाक, वाचणारा स्वतः बघेल.