अनुभव धागा: दोघांपुरतं जेवण, तेही मुंबईत!

मुलुंडची मावशी
काल भाचीचा फोन. सासू-सासरे गाणगापूरला चाललेत, लग्नानंतर पहिल्यांदाच घरात दोघंच. "मावशी, काहीतरी रोमँटिक पण सोप्पं सांग ना, मला घरी पोचायलाच आठ वाजतात." तिला सांगता सांगता मलाच आमचे चाळीतले दिवस आठवले. लालबागची एक खोली, त्यात सासू-सासरे, दीर, नणंद, आणि दार कायम उघडं. दोघांनी शेजारी बसून जेवायचं म्हटलं तरी कुणाचं ना कुणाचं पान वाढायचं राहिलेलं असायचं. म्हणून पगार झाला की मरीन ड्राइव्हचा कट्टा. माझं ऑफिस फोर्टला, ह्यांचं चर्चगेटला. सकाळी सगळ्यांच्या देखत डबा भरायचा, फक्त दोन मुदी जास्त. संशय कुणाला येणार?

डब्यात दहीभात. भात मऊ शिजवून मळायचा, दूध भरपूर आणि कोमट झाल्यावर विरजणापुरतं चमचाभर दही. संध्याकाळी डबा उघडेपर्यंत बेताचा लागलेला असतो, आंबट होत नाही. वरून हिंग, मिरची, उडीद डाळीची फोडणी नि डाळिंबाचे दाणे. तिथला वारा असा की पोळी-भाजी नेली तर आधी कागद उडतो आणि मग तिखट डोळ्यात. दहीभाताला चमचा पुरतो, आणि एका डब्यात दोन चमचे मावतात.

तर लिहा तुमचं. घरी, बाहेर, गच्चीवर, कुठेही. भाचीला हा धागा पाठवणार आहे, तेव्हा जरा बेताने!

पोपटपंची
सासू-सासरे गाणगापूरला, हीच मुळात रोमँटिक डिश आहे. बाकी वर कोथिंबीर भुरभुरा.

माहीमकर
आमच्याकडे बोंबील. पण बोंबील हे वाढून, टेबल मांडून खायचं काम नाही. तव्यावरून पानात जाईपर्यंत मऊ पडतो. त्यामुळे आम्ही दोघं ओट्याजवळ उभेच. मी तळतो, ती खाते, मग जागा बदलायची. पाणी काढायला चिरून उघडलेले बोंबील फडक्यात घालून वर पाटा ठेवायचा, अर्धा तास तरी. मग हळद, तिखट, मीठ, आलं-लसूण, नि रव्यात थोडं तांदळाचं पीठ. मेणबत्ती लावलीत तर तेल उडून विझेल.
जून-जुलैत यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, तेव्हा हा बेत नको. त्या दिवसांत आमच्याकडे सोड्याची, म्हणजे सुकवलेल्या कोळंबीची खिचडी.

निजानीज
सोप्पं म्हणजे काय ते मला विचारा. मुलगी दोन वर्षांची, वन रूम किचन. ती झोपल्यावर जे काही. अट एकच, कुकरची शिट्टी नाही, मिक्सर नाही, फोडणीचा चर्र आवाजसुद्धा जपून. यात बसणारा पदार्थ म्हणजे दडपे पोहे. पातळ पोहे, ओलं खोबरं, कांदा, टोमॅटो, लिंबू, मीठ-साखर, शहाळ्याच्या पाण्याचा हबका, वर ताट दडपून ठेवायचं. फोडणी मी संध्याकाळीच वाटीत करून ठेवते. पापड मात्र नवऱ्याने एकदा दाताखाली मोडला आणि आतून "आई" ऐकू आलं. तेव्हापासून पापड बंद.

पोपटपंची
पापड बाथरूममध्ये जाऊन खायचा, नळ सोडून.

निजानीज
केलंय ते पण.

बोरिवली पूर्व
नॅशनल पार्कात नेणार असाल तर ऐका. कान्हेरीला माकडं पिशवीचा आवाज ओळखतात. आम्ही पायऱ्यांवर चकलीचा डबा काढला, झाकण पूर्ण उघडायच्या आत डबा झाडावर. बायको म्हणाली आईच्या हातची चकली आहे, माकड निदान दाद तरी देईल. दिली नाही, अर्धी खाऊन टाकली. आता खाणं आधी गाडीत, मग गुंफा. आणि सोमवारी पार्क बंद असतो, हे कोणीच सांगत नाही. घारापुरीपण सोमवारी बंद, तिथेही माकडं तीच.

सोमवारची सुट्टी
आमची दोघांची आठवड्याची सुट्टी सोमवारीच असते हो! मी पार्लरमध्ये, तो सलूनमध्ये. म्हणजे आम्ही जायचं कुठे?

माहीमकर
समुद्राला नि मैदानाला साप्ताहिक सुट्टी नसते. शिवाजी पार्कचा कट्टा, वरळी सी फेस, दोन्ही सोमवारी उघडेच.

बोरिवली पूर्व
आणि राणीचा बाग बुधवारी बंद, म्हणजे तुम्हाला तो चालतो.

सोमवारची सुट्टी
राणीच्या बागेत पेंग्विनसमोर रोमान्स? बघते विचारून त्याला.

अंधारातला मुलुंडकर
१२ ऑक्टोबर २०२० आठवतोय का कुणाला? सोमवारच होता. सकाळी दहाच्या सुमारास अख्ख्या मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी उभ्या. आम्ही दोघंही घरूनच काम करत होतो, मार्चपासून एकाच खोलीत दोन लॅपटॉप, आणि एकमेकांच्या मीटिंगचा वैताग आलेला. नेट गेलं, फोनची बॅटरी उतरायला लागली, काम आपोआप बंद. इंडक्शनही बंद. आमच्याकडे वीज यायला चांगलाच उशीर झाला. फ्रीजमधलं आइस्क्रीम वितळायच्या आत आधी ते संपवलं, सकाळी अकराला! मग गॅसवर पिठलं, भाकऱ्या तिने थापल्या, मी भाजल्या. बाल्कनीत पेपर अंथरून बसलो. सात महिन्यांत पहिल्यांदा कुणाच्याही फोनकडे न बघता जेवलो. मेणबत्ती वगैरे हौसेने लावायची असते असं आम्हाला तोपर्यंत वाटायचं.

मुलुंडची मावशी
आमच्याकडेही रात्रीपर्यंत नव्हती की काय, आठवत नाही. मी तेव्हा अख्खं दूध नासलं म्हणून पनीर केलं, एवढं आठवतंय.

गिरगावचे आजोबा
गच्चीवर दोघांपुरतं काही नेता येत नाही. अनुभव आहे. कोजागिरीला मी नि आमची ही मसाला दूध घेऊन वर गेलो, पहिल्या मजल्यावर विचारणा, दुसऱ्यावर पातेलं ठेवून गप्पा, तिसऱ्यावर जोशीकाकूंचा मुलगा पेले घेऊन मागे. वर पोचलो तेव्हा चाळीचाच कार्यक्रम झाला होता, कुणीतरी भेळ कालवायला घेतली. पुढच्या वर्षी हिने शहाणपणा केला. गच्चीवर सगळ्यांसाठी दूध, आणि दोघांसाठी खोलीतच खिडकीपाशी दोन पेले वेगळे, जाड बासुंदीसारखे, चारोळ्या जास्त. आम्ही गच्चीवरून "झोप येते" म्हणून लवकर खाली. सगळी चाळ हसली असणार, हसू दे.

निजानीज
आजोबा, तुम्ही जिंकलात.

सँडविच पुराण
बाहेर न्यायला सँडविच म्हणतात पण सगळे ओले, लिबलिबित नेतात. आपल्या मुंबईच्या सँडविचवाल्याचं बघा, लोणी पावाच्या कडेपर्यंत फासतो, तिथेच निम्मं काम. लोण्यामुळे पाव ओल शोषत नाही. चटणी घट्ट, पाणी न घालता वाटलेली. उकडलेल्या बटाट्याची चकती पावाला लागून, काकडी-टोमॅटो मधे. मीठ भाजीवर आत्ता नाही, पुडीत वेगळं. बीट घातलंत तर पांढरा शर्ट नको. दुपारभर नीट राहतं, ओल्या फडक्यात गुंडाळायचं. वांद्र्याच्या बँडस्टँडला भरपूर वेळा नेलंय. भरतीची वेळ बघून जा, पावसाळ्यात तर खडकांवर उतरायचंच नाही, कठड्यावर बसून खा.

आज मी दमले
हे सगळं वाचून छान वाटलं, पण बायकांनो, थांबा. रोमँटिक जेवण म्हणजे दहीभात, पोहे, सँडविच, चालेल. पण करतं कोण? आमच्या घरी ठरलंय, बेत मी सुचवला तर करायचा त्याने, आणि उलट. भांडी जो करत नाही त्याची. आणि भांडी जेवल्यावर लगेच नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी. आधी हे ठरवा, मग पदार्थ. नाहीतर मी बाहेरून दोन वडापाव आणि बन मस्का आणते, पाटीभर प्रेम.

माहीमकर
आमच्यात बोंबलाची कढई मीच घासतो. सांगून ठेवतो.

पोपटपंची
कढई? वर तवा लिहिला होता. पंच मागवा!

माहीमकर
दोन्ही असतात रे बाबा.

मुलुंडची मावशी
भाचीचा मेसेज आला, वाचून हसून पुरेवाट झाली. सासूबाई आज सकाळी निघाल्या, पण जाण्याआधी "तुमचे हाल नकोत" म्हणून बटाट्याची भाजी, पुऱ्या आणि श्रीखंडाचा मोठा डबा फ्रीजमध्ये ठेवून गेल्यात. चार दिवसांचा स्वयंपाक! आता ही म्हणते, त्याने मी केलेलं काही खाल्लंच नाही तर?

आज मी दमले
अगं, त्या सासूबाईंना नमस्कार सांग. बटाट्याची भाजी उद्या सँडविचमध्ये, पुऱ्या तव्यावर अगदी मंद. श्रीखंड तर दोघांनाच पुरवून खायचं असतं.

सँडविच पुराण
पुऱ्यांची चिवड्यासारखी चुरचुरीत फोडणीही मस्त होते, शिळ्या पुऱ्यांना मोहरी-मिरची-लिंबू. पण रोमँटिक नाही, पोटभरीचं.

सोमवारची सुट्टी
माहीमकर दादा, सोडे कुठे चांगले मिळतात? सोड्याची खिचडी करायची आहे, सासरी सोसायटीत वासावरून कुरकुर होते म्हणून आईकडे करेन.

माहीमकर
दादर किंवा सिटीलाइटच्या बाजारात बघ. फार लालभडक दिसले तर घेऊ नकोस, रंग लावलेले असू शकतात. हातात घेऊन वास घे, कुबट असेल तर सोड. गरम पाण्यात वीस मिनिटं भिजव, पाणी ओतून दे, मग कांद्यावर परतून घे. उरलेले काचेच्या बरणीत घालून फ्रीजमध्ये ठेव. पहिल्यांदा करतेस तर सव्वाशे ग्रॅमच आणून बघ.

सोमवारची सुट्टी
आणि खोबरं वाटून घालू की नुसतंच?

माहीमकर
वाटून, पण थोडंच. आमच्या घरी ओलं खोबरं नि लसूण, बाकी सगळ्यांचं वेगळं. आईला विचार, त्यांची पद्धत माझ्यापेक्षा बरी असेल.